येरळवाडीला पक्षी नुसते बसून राहतात, उडतानाचे फोटो कसे मिळवायचे? 70-300 मिमी सोडून 600 मिमीची मोठी लेन्स घेऊ का?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातला अल्बम बाजूला ठेवून लिहायला बसलो. "दोन तास थांबलो, एकही उडाला नाही, मित्र म्हणाला टाळ्या वाजवू का," असं तुम्ही लिहिलंय. टाळ्या वाजवू नका. दगड तर नकोच नको. लेन्सचं नंतर बघू.

मी विट्याचा. धंदा लग्नाच्या फोटोंचा. पौषात लग्नं नसतात, त्यामुळं तो एक महिना माझा असतो आणि तो मी वर्षानुवर्षं सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातल्या तलावांवर घालवलाय. मायणी, सूर्याचीवाडी, येरळवाडी. पूर्वी सगळे मायणीलाच जायचे. तो तलाव गाळानं भरत गेला, मग लोक आणि पक्षी दोघंही येरळवाडीकडं सरकले.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा स्टुडिओत मला एक भागीदार होता. हाताला चांगला, लग्नात त्याच्यासारखी फ्रेम कुणाला लावता यायची नाही. पहाटे साडेचारला गाडी काढली, मायणीत चहा घेतला आणि उजाडायच्या जरा आधी येरळवाडीला पोचलो. धुकं होतं. ते विरलं तसा पलीकडच्या काठावर पट्टकदंबांचा, म्हणजे हंसाच्या जातीच्या पाहुण्या पक्ष्यांचा, थवा दिसायला लागला. साठ-सत्तर तरी असतील. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळ्या पट्ट्या, बरेचसे एका पायावर उभे, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. त्यांच्या अलीकडं उथळ पाण्यात शेकाटे, जरा बाजूला चक्रवाकांच्या दोन जोड्या, आणि थापट्या बदकांची एक रांग पाणी चाळत गोल गोल फिरत होती.

मी चिखलात आडवा झालो आणि कोपरावर सरकायला लागलो. दहा फूट सरकायचं, पाच मिनिटं थांबायचं. भागीदार मागं उभा. नऊ वाजले तसा त्याचा धीर सुटला. "हे काय झोपलेल्या कोंबड्यांचे फोटो काढायला आलोय का आपण?" असं म्हणून तो काठाकाठानं थेट थव्याच्या दिशेनं चालत गेला. माना वर झाल्या. सगळी तोंडं एका बाजूला वळली. मी हात करून थांब म्हणतोय तोवर त्यानं दगड भिरकावला आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

थवा उठला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्यांच्यामागं चक्रवाक उठले, शेकाटे ओरडत उठले, थापट्या उठल्या. पट्टकदंबांनी वर एक चक्कर मारली, उंची घेतली आणि दक्षिणेला डोंगराआड निघून गेले. दोन मिनिटांत तलाव रिकामा. मागं फक्त वारकरी नावाचे पाणपक्षी राहिले, पाण्यावरून पाय आपटत पळणारे.

वरच्या माळावर एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन उभा होता. तो काठी टेकत खाली आला आणि आम्हाला म्हणाला, "आरं, रातभर हरभऱ्यात चरून आत्ता कुठं टेकली हुती ती. बसल्यालं जितराब असं उठवत्यात व्हय?" भागीदार स्क्रीनवर फोटो बघत होता. त्यानं मान वर केली नाही. मी "चुकलं, तात्या" म्हणालो. चूक माझी नव्हती, पण आलो एकत्र होतो.

तात्यांनी जे सांगितलं त्यात तुमच्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर आहे. हे पक्षी तिबेट, मंगोलिया, लडाखकडून हिमालय ओलांडून येतात. ट्रान्समीटर लावून केलेल्या अभ्यासात ते 7,000 मीटरच्याही वर उडाल्याची नोंद आहे. इथं आल्यावर ते बहुतेक रात्री आणि पहाटे हरभऱ्या-गव्हाच्या रानात चरतात आणि दिवसा तलावाकाठी विश्रांती घेतात. तुम्हाला जे "नुसतं बसून राहणं" वाटलं ती त्यांची झोप आहे. मार्चात परतीचा तोच डोंगर चढायचा असतो, त्यासाठीची चरबी इथल्या रानात चरून साठवायची असते. दर रविवारी पाच कॅमेरेवाले पाच वेळा उठवणार असतील तर खाल्लेलं सगळं पळण्यातच जातं.

आणि आता फोटोबद्दल, कारण भागीदाराचा मुद्दा फोटोचाच होता. त्यानं त्या दिवशीचा एक फोटो चार फूट रुंद करून स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर लावला. त्याला एका स्पर्धेत बक्षीसही मिळालं. येणारं गिऱ्हाईक त्याच्यासमोर थांबायचं. तीन वर्षं मी तो फोटो रोज बघितला आणि त्यात काय खटकतंय ते मला बरेच दिवस सांगता येत नव्हतं. मग एकदा जवळ जाऊन मोजलं. एकाही पक्ष्याचा डोळा दिसत नव्हता. सगळ्यांच्या शेपट्या, सगळ्यांचे पाय मागं पसरलेले. उठवलेला पक्षी तुमच्यापासून लांब पळतो, म्हणून तो पाठच दाखवणार. स्वतःहून येणारा पक्षी तोंडानं येतो. भिंतीवरच्या त्या फोटोत साठ पाठी होत्या, आणि हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "लोकांना पंख दिसायला पाहिजेत. नवरीलासुद्धा हस म्हणावंच लागतं." नवरीला हस म्हणणं आणि झोपलेल्याला दगड मारणं एक नाही, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. लग्नातसुद्धा सांगून हसवलेली नवरी आणि मैत्रिणीला बघून आपोआप हसलेली नवरी यातला फरक अल्बम उघडल्यावर कुणालाही कळतो.

पुढच्या पौषात मी एकटा गेलो. पहिले दोन दिवस पट्टकदंब आलेच नाहीत, दुसऱ्या कुठल्या तरी पाण्यावर होते. तिसऱ्या दिवशी पहाटे सहाला पूर्वेच्या काठावर जाऊन पडलो होतो, अंगावर घोंगडी घेऊन. घोंगडीचं सांगायलाच पाहिजे. बाजारात मिळणारं हिरव्या पानांच्या नक्षीचं कापड आपल्याकडच्या उघड्या माळावर उलट उठून दिसतं. इकडच्या पक्ष्यांना घोंगडी ओळखीची आहे. मेंढरं पाण्यावर येतात, मागं घोंगडीची खोळ घेतलेला माणूस असतो, पक्षी चार पावलं सरकून पुन्हा चरायला लागतात. तोच माणूस मोटारसायकल थांबवून उतरला की थवा सावध होतो.

सूर्य वर आला आणि पश्चिमेकडून, रानाच्या बाजूनं आवाज आला. आधी सात-आठ, मग वीस, मग मोठा थवा. माझ्या पाठीला ऊन, पाठीलाच वारा. थंडीत आपल्याकडं सकाळचा जो काही वारा असतो तो बहुधा पूर्वेचा नाहीतर ईशान्येचा. आणि मोठे पक्षी उतरताना, उठताना तोंड वाऱ्याकडं करतात, विमानासारखं. त्यामुळं पूर्वेच्या काठावर पडलेल्या माणसाकडं ते तोंड करून उतरतात, वर अंगावर समोरून ऊन. उंची पटकन टाकण्यासाठी त्यातले काही हवेतच अंग पार तिरकं करतात, क्षणभर उलटे झाल्यासारखे, मान मात्र सरळ. मग पंख पसरून, नारिंगी पाय पुढं काढून पाण्यावर घसरत येतात. त्या दिवशी मला अकरा फ्रेम अशा मिळाल्या की प्रत्येकीत डोळा आहे. लेन्स तुमच्याकडं आहे तीच होती, 70-300, साध्या क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर. शटर 1/2000 सेकंद, आयएसओ 1600 पर्यंत सोडलेला. त्यानंतर मी तिथंच साडेअकरापर्यंत पडून राहिलो, कारण आता उठलो असतो तर मीच त्यांना उठवलं असतं. पायाला मुंग्या आल्या होत्या. थवा पाण्यात जरा लांब सरकल्यावर मागं मागं सरकत निघालो.

भागीदारानं ते फोटो बघितले आणि म्हणाला, "लक लागलं." तीन पहाटा, घोंगडी, वाऱ्याचा अंदाज, पाच तास चिखल, आणि म्हणे लक. पुढं आमची भागीदारी मोडली ती पैशावरून मोडली, पक्ष्यांवरून नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण त्या एका शब्दाचं उत्तर मला तेव्हा सुचलं नव्हतं, ते आज तुम्हाला लिहितोय.

तर फ्लाइट शॉट, म्हणजे उडतानाचा फोटो, हवा असेल तर उजाडायच्या आधी जागेवर असा. पक्षी परततात त्या वेळी तुम्ही आधीच तिथं दगडासारखे पडलेले असायला हवेत. संध्याकाळी ते चरायला निघतात तेव्हा दुसरी संधी मिळते, पण तेव्हा बाजू बदला, सूर्य पश्चिमेला. मधल्या वेळेत माना वर झाल्या, चरणं थांबलं, सगळे एकाच दिशेला बघत पाण्याकडं चालायला लागले की तुम्ही जास्त जवळ आलात असं समजा आणि मागं सरका.

मोठ्या लेन्सबद्दल माझं मत रोखठोक आहे. लोक 600 घेतात ती सकाळी दहाला उठून जाता यावं म्हणून. नऊ-साडेनऊनंतर ऊन तापलं की पाण्यावरची आणि चिखलावरची हवा थरथरते आणि दीडशे मीटरवरचा पक्षी कुठल्याही लेन्समधून विरघळल्यासारखा येतो. मोठी लेन्स ती थरथरही मोठी करून देते. मग माणूस लेन्स दुरुस्तीला टाकतो, फोकस तपासून आणतो, आणि दोष हवेचा असतो. त्यापेक्षा आधी जमिनीला टेकायला शिका. चिखल्या, तुतवार, टिलवे ही छोटी मंडळी पाण्याच्या कडेकडेनं पळत खात असतात. त्या कडेला तुम्ही अर्धा-पाऊण तास हललाच नाही तर ती स्वतःच जवळ येतात. कंठेरी चिखल्या एकदा माझ्या इतक्या जवळ आला की लेन्स फोकसच घेईना. डोळ्याच्या पातळीवरून काढलेल्या चिखल्याच्या डोळ्याभोवतीचं पिवळं कडं बघा आणि उभ्यानं काढलेला त्याचाच फोटो बघा, मग 600 ची आठवण येते का सांगा. स्टँडऐवजी मी जुन्या पँटचा पाय कापून, दोन्हीकडून शिवून, त्यात तांदूळ भरलेत. तेच चिखलावर ठेवतो.

पांढऱ्या पक्ष्यांना, म्हणजे चमच्यासारख्या चोचीचे चमचे, बगळे, रोहित (फ्लेमिंगो) यांना गडद पाण्यावर टिपताना कॅमेऱ्यात उजेड कमी घ्या. जळालेलं पांढरं पीस कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही. हे लग्नातल्या पांढऱ्या शेरवानीसारखंच आहे.

रोहित कधी येतात, असं तुम्ही मध्येच विचारलंय. ते पाण्यावर आहे. उलटं डोकं बुडवून चाळून खाणारा पक्षी तो, त्याला उथळ पाणी लागतं. पाऊस जोरदार झाला आणि तलाव तुडुंब राहिला तर हिवाळ्यात काठाला चिखलच नसतो, मग रोहितही नाहीत आणि टिलवेही नाहीत. पाणी उतरून गाळ उघडा पडायला लागला की चाळणारे, टोचणारे सगळे येतात. जायच्या आधी गावात कुणाला तरी फोन करून पाणी किती आहे ते विचारा, पक्षी किती आहेत ते नव्हे.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. गाळ फसवा असतो. वरून पापुद्रा वाळलेला दिसतो आणि पाय मांडीपर्यंत जातो, म्हणून एकटे असाल तर मेंढरांच्या खुरांच्या वाटेनंच उतरा. मायणी, येरळवाडी आणि आसपासचे तलाव आता पक्षी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालेत, त्यामुळं वन विभागाच्या माणसाला आधी भेटा. आणि 600 वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. कृष्णेवर, सांगलीच्या खालच्या अंगाला, नदी सुरय हा पक्षी पात्राच्या मधल्या वाळूवर बसतो तिथं 300 नं काही होत नाही, मी स्वतः तिथं भाड्यानं मोठी लेन्स नेतो.

पण त्या वाळूवर मार्च ते मे कृपा करून पाय ठेवू नका. टिटवी, चिखल्या, सुरय उघड्यावरच अंडी घालतात, खड्यांसारखी, दोन फुटांवरून दिसत नाहीत. उन्हात टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते, अंडी उबवायला नाही, गार ठेवायला. तुम्ही जवळ उभे राहून तिला दहा-पंधरा मिनिटं लांब ठेवलंत तर मे महिन्यात आतलं पिल्लू शिजतं. चिखल्या पंख मोडल्यासारखा लंगडत तुमच्यापुढं पळायला लागला तर फोटो काढत त्याच्यामागं जाऊ नका. तो तुम्हाला घरट्यापासून लांब नेतोय, आल्या वाटेनं परत फिरा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच अंडी-घरटी विस्कटणं धरलंय, हे त्या मित्रालाही सांगा.

जानेवारीत जाणार असाल तर घोंगडी माझ्याकडं दोन आहेत. एक घेऊन जा.