१३९० पाठवायचे की झाकायचे?

ताई, लेकीचे एसएटीत (अमेरिकन कॉलेजांच्या प्रवेशासाठीची परीक्षा) १३९० आणि 'टेस्ट ऑप्शनल आहे ना (म्हणजे गुण देणं ऐच्छिक), मग पाठवूच नका' हा तुमच्या मैत्रिणीचा सल्ला, दोन्ही वाचलं. आमच्या घरातली दोन्ही पोरं यातून गेलीत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी यादी पुन्हा बघा. त्यातली ब्राउन आणि डार्टमथ आता ऑप्शनल राहिलेलीच नाहीत. करोनात बहुतेकांनी सूट दिली. एमआयटीने ती २०२२ मध्येच काढून घेतली आणि २०२४ मध्ये डार्टमथ, येल, ब्राउन, हार्वर्ड अशी रांगच लागली. (येल एसएटीऐवजी एपी किंवा आयबी या शाळेतल्या वरच्या पातळीच्या अभ्यासक्रमांच्या परीक्षांचे गुणही चालवतं.) याउलट यूसीवाले (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) गुण पाठवले तरी प्रवेशासाठी बघतच नाहीत, तिथे डोकेफोड नको. बोडन कॉलेजची सूट तर १९६९ पासूनची आहे. खरा प्रश्न उरतो तो तुमच्या यादीतल्या चार-पाच ऑप्शनल कॉलेजांचा, आणि त्यांचं उत्तर सरसकट एकच नसतं.

कॉलेजचं नाव टाकून 'कॉमन डेटा सेट' (कॉलेज स्वतःच जाहीर करतं तो आकडेवारीचा तक्ता) शोधा आणि त्यातला सी९ भाग उघडा. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती टक्के मुलांनी गुण दिले आणि त्यांचा २५वा व ७५वा पर्सेंटाइल किती, ते तिथे असतं (२५वा म्हणजे ज्याच्या खाली पाव मुलं असतात तो आकडा). गोम अशी की हे आकडे फक्त गुण देणाऱ्यांचे असतात. कमी गुणवाले गप्प बसतात, त्यामुळे आकडा फुगतो. निम्म्याच मुलांनी गुण दिले असतील तर २५व्या पर्सेंटाइलच्या थोडे खाली असलेले १३९० वाटतात तितके वाईट नाहीत. डार्टमथच्या प्राध्यापकांच्या अभ्यासातही हेच निघालं: बेताच्या परिस्थितीतल्या काही मुलांनी फायद्याचे ठरले असते तेच गुण दडवले होते. तुमची लेक मात्र चांगल्या सबर्बन शाळेतली आहे, ती सवलत तिला धरू नका.

गणितातले ७५० तेवढे दाखवू म्हणालात, पण तसं जमत नाही. त्याच तारखेच्या परीक्षेतले इंग्रजीचे ६४० पण सोबत जातात. इंजिनिअरिंगला अर्ज असेल आणि कॅल्क्युलसमध्ये बी ग्रेड असेल, तर मी तरी दोन्ही पाठवीन. गुण दिले नाहीत की सगळा भार ट्रान्सक्रिप्टवर (शाळेच्या गुणपत्रकावर) येतो, आणि मग तो बी जास्तच डोळ्यांत भरतो.

अजून एक, यात आम्ही पोळलोय. थोरल्याने अर्जात 'गुण विचारात घेऊ नका' वर टिक केली आणि आम्ही निर्धास्त. नोव्हेंबरात कळलं की शाळेने ट्रान्सक्रिप्टच्या तळाशी त्याचे एसएटीचे गुण छापलेत, आणि ती सहा ठिकाणी गेलीसुद्धा! कौन्सेलर म्हणाल्या, काढायचे असतील तर लेखी कळवायला हवं होतं. तेव्हा सोमवारीच ट्रान्सक्रिप्टची प्रत मागवा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.