लायब्ररी बदलण्याआधी तिचं झाड काढ

पर्वरीच्या ऑफिसात तू नवीन आहेस, म्हणून आताच सांगतो. जुन्या प्रोजेक्टमधली लायब्ररी, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, बदलण्याआधी तिच्यावर कोण कोण अवलंबून आहे ते बघ. जावा असेल तर मेव्हन या टूलकडून डिपेन्डन्सी ट्री, म्हणजे कोण कोणावर अवलंबून आहे त्याचं झाड, काढून घे. आपण मागवलेली पॅकेजेस (म्हणजे अशाच लायब्रऱ्या) वीसेक असतात; त्यांनी मागवलेली शेकड्यांनी निघतात आणि घोळ बहुतेक तिथेच असतो. मार्च २०१६ मध्ये लेफ्टपॅड हे ११ ओळींचं पॅकेज काढून घेतलं गेलं आणि जगभरचे बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करण्याची कामं, अडले. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी लिहिणाऱ्या जावा पॅकेजमधली सुरक्षेची त्रुटी उघड झाली, तेव्हा आपण ते वापरतो हेच कित्येकांना ठाऊक नव्हतं. खाजनाचा, म्हणजे गोव्यातल्या खाडीकाठच्या शेतजमिनीचा, बांध एका जागी फुटला तरी खारं पाणी लांबच्या शेतात शिरतं, तसंच हे.

मला मात्र आपल्याच कोडमधली वर्तुळं जास्त छळतात. बिलिंगचं मॉड्यूल (कोडचा वेगळा भाग) ग्राहकाच्या मॉड्यूलला बोलावतं, ते परत बिलिंगला. मग एकाची टेस्ट दुसऱ्याशिवाय चालत नाही. दोघांना लागणारा भाग तिसऱ्या मॉड्यूलमध्ये काढ.

टूलवर पूर्ण विसंबू नकोस. रिफ्लेक्शनने (प्रोग्रॅम चालू असताना नावावरून शोधून) किंवा कॉन्फिग फाइलमधून जोडलेले क्लास त्याला बहुधा दिसत नाहीत. क्लासचं नाव घेऊन ते सगळ्या रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात, शोधावे लागतात. आणि लॉक फाइल (पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या नोंदवणारी) रेपोत कमिट केलीस का, ते आजच बघ.