पाचर काढण्याआधी: जुन्या पॉकेट रिव्हॉल्व्हरविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: स्मिथ अँड वेसनचं सात गोळ्यांचं, .२२ बोअरचं छोटं रिव्हॉल्व्हर हाती आलं आहे. सिलिंडरवर ‘३ एप्रिल १८५५’ अशी तारीख आहे. म्हणजे ते १८५५ सालचं धरायचं का?

उत्तर: नाही, ती पेटंटची तारीख आहे. काडतूस मागून भरता यावं म्हणून सिलिंडरची घरं (गोळी बसते ती भोकं) आरपार पाडण्याचं पेटंट रोलिन व्हाइटने त्या दिवशी मिळवलं. स्मिथ अँड वेसनने ते दर नगामागे २५ सेंट देऊन वापरायला घेतलं, आणि ‘मॉडेल वन’ १८५७ मध्ये बाजारात आलं. तुमच्या सिलिंडरवर ५ जुलै १८५९ आणि १८ डिसेंबर १८६० या तारखाही असतील, तर तो दुसऱ्या आवृत्तीचा नग, म्हणजे १८६० ते १८६८ मधला. तारखा पुसल्या असतील तर आकार पाहा. पहिल्या आवृत्तीत फ्रेमच्या डाव्या अंगाची झाकणपट्टी लहान आणि गोल असते, दुसरीत मोठी आणि वेड्यावाकड्या आकाराची. सिलिंडरवर खाचा, नळी गोल आणि मूठ पक्ष्याच्या डोक्यासारखी वळलेली असेल तर ती तिसरी आवृत्ती. ती १८६८ नंतरची.

जाता जाता: करारानुसार पेटंटची चोरी करणाऱ्यांवर खटले भरायचं काम व्हाइटच्याच गळ्यात पडलं होतं आणि बरीच कमाई त्यातच गेली. १८६९ मध्ये पेटंट संपलं. पुढच्या वर्षी मुदतवाढीचा मार्ग उघडणारं विधेयक राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी नकाराधिकार वापरून परत पाठवलं. खटला हरलेल्या काही कारखानदारांना आपल्या मालावर ‘स्मिथ अँड वेसनसाठी बनवलेले’ असा शिक्का मारावा लागला. दुसऱ्याच कारखान्याच्या रिव्हॉल्व्हरवर तो शिक्का दिसला तर नग बनावट समजू नका.

प्रश्न: कोल्ट कंपनीचं ‘१८४९ पॉकेट’ रिव्हॉल्व्हर घ्यायचं आहे. विकणारा म्हणतो, ‘सगळे नंबर जुळतात.’ नेमकं काय आणि कुठे पाहायचं?

उत्तर: रिव्हॉल्व्हर पालथं धरा. नळीच्या बुडाशी, फ्रेमवर आणि चापाच्या कड्याच्या पुढच्या टोकाला असे तीन नंबर एका ओळीत दिसतील. चौथा मुठीच्या तळाच्या पट्टीवर, पाचवा सिलिंडरवर. नळी आणि फ्रेम एकत्र धरणाऱ्या पाचरीवरही नंबर असतो, पण जागा अपुरी म्हणून बहुधा शेवटचे अंकच. पाचर हरवायचीच वस्तू. ती वेगळी निघाली तर फार मनाला लावून घेऊ नका. सिलिंडर वेगळा निघाला तर मात्र किंमत बरीच उतरते.

नंबर जुळले म्हणजे काम झालं असं नाही. दहापट भिंगातून अंकांचा वळसा आणि खोली ताडून पाहा. अंकांभोवतीचा पत्रा जरासा खोलगट वाटला, तर जुना नंबर घासून नवा ठोकल्याचा दाट संशय घ्यावा. ठोकताना अंकाच्या कडेला जी बारीक फुगीर कड उठते, ती नव्या ठोक्यात तीक्ष्ण लागते. दीडशे वर्षं हाताळलेल्या नगात ती बोटाला जाणवत नाही.

मग पृष्ठभाग. सिलिंडरवर घोडागाडीवरच्या दरोड्याचं दृश्य असतं. खोदकामकार ऑर्म्सबीने कोरलेल्या साच्याने ते रोलरखाली दाबून उमटवलेलं आहे. हे दृश्य पार पुसट झालंय आणि निळा रंग मात्र गडद, एकसारखा दिसतोय, असं असेल तर रंग नंतर चढवलेला आहे. पॉलिश करणाऱ्याने दृश्यही घासून टाकलं. अष्टकोनी नळीच्या कडा गोलावलेल्या, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा, नळीवरच्या पत्त्याची अक्षरं उथळ, ही त्याच घासकामाची लक्षणं. पितळी कडं आणि मुठीची पट्टी यांवर मुळात चांदीचा मुलामा असे. तो शिल्लक असला तर कोपऱ्यांत, चापामागच्या सांदीत सापडतो. उघड्या पाठीवर लख्ख आणि सांदीत नाही, हे उलटं झालं.

पत्ता न्यूयॉर्कचा दिसला म्हणून बिचकू नका. माल हार्टफर्डला बनायचा, पत्ता न्यूयॉर्कचा छापायचा. लंडनला बनलेल्या नगांत पट्ट्या बहुधा लोखंडी असतात आणि चाचणीचे लंडनी शिक्के असतात.

हुबेहूब इटालियन प्रतिकृतीही फिरतात. त्यांच्यावर तारा आणि ‘पी एन’ असा चाचणीचा शिक्का, शिवाय चौकटीत सालाची खूण असते. विकणारे हे घासून काढतात. म्हणून नळीखाली, ठासणीच्या दांडीच्या (घरात गोळी दाबून बसवणाऱ्या दांडीच्या) सावलीत, तिरप्या उजेडात उथळ घासलेला डाग शोधा.

प्रश्न: घेतलेलं रिव्हॉल्व्हर भरलेलं आहे की नाही, हे सुरक्षितपणे कसं पाहायचं?

उत्तर: कोल्ट १८४९ हे टोपीचं रिव्हॉल्व्हर: त्यात काडतूस नसतं, घरात सुटी दारू आणि गोळी ठासतात आणि घरामागच्या निपलावर (बारीक नळकांड्यावर) ठिणगी देणारी टोपी बसवतात. अशा रिव्हॉल्व्हरात भरलेली दारू शंभर-दीडशे वर्षं पडून राहिलेली सापडते, आणि कोरडी असली तर ती पेटू शकते. नळीच्या तोंडासमोर स्वतः किंवा दुसरं कोणी नको. आधी बाजूने पाहून निपलांवर टोप्या आहेत का ते बघा. एकही टोपी असली, तर हात न लावता जाणकार शस्त्र-कारागिराकडे न्या. टोप्या नसतील तर घोडा अर्धा चढवा. पाचरीचं स्प्रिंगचं टोक उजव्या बाजूने बाहेर डोकावतं. ते दाबून लाकडी किंवा नायलॉनच्या ठोकणीने पाचर डावीकडे सरकवा. डावीकडचा स्क्रू ती अडवतो, पूर्ण बाहेर काढायची गरज नाही. नळी घट्ट असेल तर हातोडा नको. सिलिंडर असा फिरवा की ठासणीचा दट्ट्या दोन घरांमधल्या भरीव भागावर टेकेल, मग ठासणीची दांडी खाली दाबा. नळी आपोआप पुढे सरकते. दट्ट्या घरात शिरला तर नळी जागची हलत नाही, आणि घर भरलेलं असेल तर दाब थेट दारूवर येतो.

आता पातळ लाकडी काडी प्रत्येक घरात घालून, कडेशी पेन्सिलने खूण करा. सगळ्या खुणा एका जागी यायला हव्यात. एखादी वर राहिली तर थांबा. आतलं खरवडून काढू नका, तेल ओतून ‘निकामी’ करायचा प्रयोगही नको. हे कारागिराचं काम.

प्रश्न: गंज आणि काळपटपणा कसा काढावा?

उत्तर: काळपटपणा काढूच नका. तपकिरी, एकसंध थर हा संग्राहकाच्या दृष्टीने गुण आहे. पांढऱ्या सुती फडक्याने पुसा. फडक्याला नारिंगी भुकटी लागली तरच गंज जिवंत. तिथे गंज सैल करणारं तेल लावून दोन-तीन दिवस ठेवा आणि बांबूच्या किंवा हाडाच्या चपट्या पातीने खरवडा. स्टीलचा काथ्या कितीही बारीक असला तरी उरलासुरला निळा रंग घेऊन जातो. चांदीवर पॉलिश म्हणजे प्रत्येक वेळी थोडी चांदी कमी. निकेलच्या मुलाम्याला अमोनियाचं द्रावण लावू नका. ते चिरेतून आत शिरून खालचं तांबं खातं आणि मुलाम्याचा पापुद्रा सुटतो.

शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात. घामातलं मीठ पोलादाला लागू नये म्हणून हाताळताना हातमोजे. आणि जुन्या चामडी म्यानात ठेवणं सोडा. चामडं ओल धरतं, पितळावर हिरवा कळंक आणतं आणि जिथे टेकतं तिथे पोलाद खातं.

प्रश्न: रिकामं असताना चाप ओढून पाहिला तर काय बिघडतं?

उत्तर: .२२ मध्ये घोडा काडतुसाच्या कडेवर पडतो. काडतूस नसलं की तोच ठोका घराच्या काठावर बसतो आणि तिथे खळी पडते. टोपीच्या रिव्हॉल्व्हरात निपलाचं तोंड चेपतं. जुन्या चपट्या स्प्रिंगाही तुटतात, विशेषतः सिलिंडर फिरवणाऱ्या ‘हात’ नावाच्या आतल्या भागाची. घोडा चढवावाच लागला तर उतरवताना अंगठ्याने धरून हळू उतरवा.

प्रश्न: अमेरिकेत शस्त्र कायद्याने ‘अँटिक’ ठरायला १८९८ ही मर्यादा आहे. ती मॉडेलला लागू की नगाला?

उत्तर: नगाला. संघीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं शस्त्र ‘अँटिक’ ठरतं. राज्यांचे नियम वेगळे असू शकतात, ते आधी पाहावेत. कोल्ट १८४९ चं उत्पादन १८७३ मध्येच थांबलं, त्यामुळे अस्सल नगाबाबत हा प्रश्न उरत नाही. पण स्मिथ अँड वेसनचं ‘सेफ्टी हॅमरलेस’ १८८७ मध्ये सुरू होऊन विसाव्या शतकातही बरीच वर्षं बनत राहिलं. नळीवरच्या पेटंटच्या तारखा १८९८ आधीच्या असल्या तरी फ्रेम नंतरची असू शकते. तिथे नंबरावरूनच साल काढावं लागतं.