‘पाच कामं केली, आता माझं क्षेत्र कुठलं म्हणायचं?’

पस्तिशी ओलांडलेली जी माणसं माझ्याकडे करिअरच्या सल्ल्यासाठी येतात, त्यांतल्या बहुतेकांचं गाऱ्हाणं फिरून फिरून एकाच जागी येतं. बरंच काही केलं, पण ‘माझं क्षेत्र’ म्हणून सांगावं असं काही हाती राहिलं नाही. दहावीच्या मुलांसाठी व्याख्यानं असतात, २०१६ मध्ये तर राज्यभर सरकारी कल चाचणी झाली. सदतिशीच्या माणसाला मात्र कोणी काही विचारत नाही, सगळे सुनावतात.

त्यांतल्याच एकाची ही हकिगत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाव सागर धरू.

सागर इचलकरंजीचा. टेक्स्टाइलचा डिप्लोमा करून मामांच्या यंत्रमाग कारखान्यात लागला, साध्या मागांवर, जॉबरच्या म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली. तिथून सूतगिरणीत शिफ्ट सुपरवायझर. मग रेपियर (बिनधोट्याच्या) मागांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानासाठी भिवंडी, मालेगाव, विटा, सोलापूर अशी फिरती. नोटाबंदी आणि पाठोपाठ २०१७ चा जीएसटी, त्या काळात मागवाल्यांची खरेदी आटली आणि मालकानं दुकान आवरलं. मग एका फायनान्स कंपनीत वाहनकर्जाची वसुली. लॉकडाऊननंतर कोल्हापुरात कुरिअरच्या हबवर सुपरवायझर. आता एका मशिनरी डीलरकडे सर्व्हिस कोऑर्डिनेटरची जागा निघाली होती. पहिल्या फेरीत साहेबांनी विचारलं, ‘इतक्या ठिकाणी का फिरलात?’ सागर गप्प बसला. तरी दुसऱ्या फेरीला बोलावणं आलं, आणि त्याआधी तो माझ्याकडे आला.

‘मॅडम, सासरे तोंडावर म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. परवा मुलाच्या शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. बायकोनं विचारलं, काय लिहू? म्हटलं, लिही नुसतं नोकरी.’

त्यानं बायोडेटा पुढे केला. मी तो बाजूला ठेवायला सांगितला. हुद्द्यांची यादी वाचून माणसाचं काम कळतंच असं नाही. केंद्र सरकारच्या २०१५ च्या व्यवसाय वर्गीकरणात ३,६०० च्या आसपास व्यवसायांची नोंद आहे आणि सागरची पाच कामं त्यात वेगवेगळ्या गटांत जाऊन पडतात. वर्गीकरणाला तेच हवं असतं. आम्हाला दुसरं काही शोधायचं होतं.

प्रत्येक कामासाठी मी एकच गोष्ट विचारली: दुसऱ्यांना जमेना म्हणून तुमच्याकडे काय यायचं?

मामांच्या कारखान्याबद्दल तो खूप वेळ बोलला, आणि मीही त्याला आवरलं नाही. साध्या मागावर कामगाराची मजुरी मीटरवर, पिकाच्या म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या हिशेबानं. माग बंद राहिला तर मालकाआधी कामगाराचं नुकसान. जॉबर चार माग पलीकडे अडकलेला, इकडे कामगार चिडून बोलतोय, सुताच्या कांड्या भरणारा कांडीवाला मध्येच काही पुटपुटतोय, वहिफणी (मागात उभे धागे ओवण्याचं काम) नीट झाली नाही म्हणून तिसऱ्याच माणसावर खापर फुटतंय. अशा वेळी मुख्य जॉबर सागरला पुढे धाडायचा. ‘मला दुरुस्ती त्यांच्याएवढी येत नव्हती,’ सागर म्हणाला, ‘पण नक्की कुठं अडलंय ते मी विचारून काढायचो. अर्धा वेळ भांडणातच जातो हो.’

सुट्या भागांच्या दुकानात त्याची विक्री बेताचीच होती. मात्र चुकीचा पार्ट गेला आणि मालेगावात माग उभा राहिला, की फोन सागरला. कुरिअर हबवरही तेच. अडकलेलं पार्सल आणि तापलेलं गिऱ्हाईक त्याच्या टेबलावर. सूतगिरणीचं सांगताना तो दोन वाक्यांत उरकत होता. तिथं वरिष्ठांशी जमलं नाही, राग आला आणि सोडली, एवढंच.

इथवर चित्र छान जुळत होतं. वसुलीचं काम त्यात बसत नव्हतं, म्हणजे फारच चांगलं बसत होतं. थकलेल्या कर्जदाराशी बोलून हप्ता काढण्यात तो शाखेत सगळ्यांच्या पुढे होता. आणि त्याच काळात त्याची झोप उडाली. ‘मी जायचो तेव्हा घरातली पोरं आत पळायची,’ एवढं बोलून तो थांबला. करिअर मार्गदर्शनात ‘तुम्हाला जे जमतं ते करा’ असं सर्रास सांगतात. मला ते अपुरं वाटतं. जमणं वेगळं, सोसणं वेगळं. सागरच्या कागदावर आम्ही दोन्हींसाठी वेगळे रकाने केले, आणि वसुली एका रकान्यात आली, दुसऱ्यात नाही.

मग बायोडेटा. तारखा खाली गेल्या, वरच्या अर्ध्या पानात कामं आली: बंद मशिनचा पाठपुरावा, तक्रारदाराशी बोलणं, तंत्रज्ञ आणि ग्राहक यांच्यातला दुवा. प्रत्येकापुढे कुठल्या नोकरीत काय केलं त्याचं एकेक उदाहरण. डीलरकडच्या जागेचं काम नेमकं हेच होतं. सागरलाच ते दिसत नव्हतं, कारण तो हुद्दे वाचत होता.

मुलाखतीतल्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला मोठ्यानं म्हणायला लावलं. दुकान मंदीत बंद झालं, हे एका वाक्यात, रडगाणं न लावता. वसुली प्रकृतीला मानवली नाही, हेही तसंच. सूतगिरणीचा काळ गाळावा का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. खोटं बोलू नये हे आहेच, शिवाय हल्ली पीएफच्या यूएएन खात्यात नोकरी धरल्या-सोडल्याच्या तारखा दिसतात आणि बऱ्याच कंपन्या त्या पडताळतात. ‘तेव्हा रागानं सोडली, आता तसं करणार नाही’ हे ऐकायला मुलाखतकाराला जड जात नाही.

पीएफचा विषय निघाला तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि नोकऱ्या बदलणाऱ्या प्रत्येकाला मी ती सांगते. सूतगिरणी सोडल्यावर सागरनं पीएफ आणि पेन्शनचे पैसे काढून घेतले होते. फायनान्स कंपनीतलं खातं तसंच पडून होतं. कर्मचारी पेन्शन योजनेत ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळायला एकूण १० वर्षांची सेवा लागते. ही सेवा एकाच मालकाकडची असावी लागत नाही. खातं पुढच्या नोकरीत ट्रान्सफर केलं की वर्षं जोडली जातात. पेन्शनचे पैसे काढून घेतले की तेवढी वर्षं गेली. सूतगिरणीची वर्षं गेलीच होती. फायनान्स कंपनीची आणि कुरिअरची जोडता येत होती, तो अर्ज त्यानं त्याच आठवड्यात ऑनलाइन भरला.

दुसऱ्या फेरीनंतर डीलरनं होकार कळवला, पण पगार कुरिअरपेक्षा थोडा कमी आणि सहा महिने प्रोबेशन. या वेळी पत्नीही बरोबर आली. त्या सरळ बोलल्या, ‘यांना काय आवडतं ते ठीक आहे. पण पोराची फी जूनमध्ये भरायची आहे, आणि हे परत सोडणार नाहीत कशावरून?’ रास्त प्रश्न होता. त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, ते सागरनं द्यायचं होतं. दोघांनी माझ्यासमोर महिन्याचा हिशेब मांडला. कुरिअरमधला दिवाळी बोनस हातात पडेपर्यंत तिथंच राहायचं आणि नोटीस देऊन निघायचं असं ठरलं. सहा महिन्यांत कोणत्याही कारणानं सोडावंसं वाटलं, तर राजीनामा देण्याआधी घरी सांगायचं, ही पत्नीची अट सागरनं मान्य केली.

डीलर तेवढं थांबायला तयार झाला. पेट्रोलचा खर्च किलोमीटरमागे किती मिळणार, तेवढं मात्र सागरनं ऑफर लेटरमध्ये लिहून मागितलं, आणि ते मिळाल्यावरच सही केली.