मागच्या टेबलावरची बाई: बेस फ्लॉवर्सवर लिहिणाऱ्या मुलीस पत्र

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा आराखडा वाचला. हॉलिवूडच्या गर्दीच्या दृश्यांत आयुष्यभर एक्स्ट्रा म्हणून दिसलेल्या बेस फ्लॉवर्सवर मराठीत सविस्तर लिहावं असं तुला वाटलं, याचा फार आनंद झाला. पण पहिल्याच प्रकरणाला तू ‘हुकलेली नायिका’ असं नाव दिलं आहेस, ते आजच खोड. तिच्या कामाची सनावळी मांडलीस की का ते तुझं तुलाच कळेल. १८९८ साली टेक्सासमधल्या शर्मन गावी जन्म, पिट्सबर्गच्या कार्नेगी टेकमध्ये नाट्यशिक्षण, १९२३ साली पडद्यावर पहिलं पाऊल. १९२६ मध्ये फ्रेड थॉमसनच्या काउबॉयपटात ती नायिका आहे. १९२८ मध्ये लॉरेल-हार्डीच्या ‘वी फॉ डाउन’मध्ये ती लॉरेलची बायको आहे. म्हणजे मोठी कामं आधीची आणि बिननावाची गर्दीतली कामं बहुतेक नंतरची. ती १९६४ पर्यंत चालली. मूकपटांतल्या कितीतरी नायिका बोलपट आल्यावर चार-पाच वर्षांत दिसेनाशा झाल्या. ही ४१ वर्षं टिकली. माझ्या मते तिनं एक कसब पक्कं हातात घेतलं म्हणून ती टिकली, आणि तुझं पुस्तक त्या कसबाचं असायला हवं.

त्या कसबाला तिकडे ‘ड्रेस एक्स्ट्रा’ म्हणत. नाइटक्लब, ऑपेरा, लग्नाची मेजवानी, बोटीचा डेक अशा दृश्यांत उंची कपड्यांतली माणसं लागायची आणि ते कपडे त्यांनी स्वतःचे आणायचे असत. संध्याकाळचा गाऊन, दुपारचा पोशाख, फर, हातमोजे, टोप्या, त्यावर शोभतील असे बूट आणि पर्स, सगळं स्वतःच्या खर्चानं. धुलाई आणि दुरुस्तीही स्वतःची. फॅशन बदलली की कपाट नवं करायचं, कारण तीन वर्षांपूर्वीच्या लांबीचा झगा कॅमेऱ्याला लगेच कळतो. साध्या गर्दीपेक्षा या माणसांना रोजचे पैसे जास्त मिळत ते यासाठी. तिची कमाई लिहिशील तेव्हा हा खर्च वजा केल्याशिवाय एकही आकडा छापू नकोस.

आकड्यांना आधार आहे. १९३७ साली अभिनेत्यांच्या गिल्डनं, म्हणजे त्यांच्या कामगार संघटनेनं, स्टुडिओंशी पहिला करार केला, त्यात किमान दर असे होते: संवाद बोलणाऱ्या रोजंदारी नटाला दिवसाला २५ डॉलर, स्टंट करणाऱ्याला ३५ आणि एक्स्ट्राला साडेपाच. साडेपाच आणि पंचवीस यांच्या मधल्या पट्ट्यात बेसचं बहुतेक आयुष्य गेलं. एखाद्या दिवशी दिग्दर्शकानं तिला एक वाक्य दिलं की त्या दिवसाचा दर चढायचा. म्हणून तिनं उच्चारलेलं प्रत्येक वाक्य, अगदी ‘अभिनंदन’ एवढंच असलं तरी, वेगळ्या रकान्यात टिपून ठेव.

काम मिळायचं सेंट्रल कास्टिंगकडून. त्याआधी स्टुडिओच्या फाटकावर रांगा लागत आणि कमिशन खाणाऱ्या एजन्सी असत. ते थांबवायला निर्मात्यांच्या संघटनेनं १९२५ च्या डिसेंबरमध्ये हे कार्यालय काढलं आणि एक्स्ट्रांकडून दलाली घेणं बंद केलं. नोंदणी केलेला माणूस फोन करून आपलं नाव सांगायचा. बहुतेक वेळा उत्तर यायचं की काम नाही, पुन्हा फोन करा. त्या टेलिफोनवर मोठं प्रकरण होऊ शकतं. पण या गर्दीत बेसला सतत काम का मिळालं, हे कार्यालयाच्या नियमांवरून कळणार नाही. त्यासाठी तिला सेटवर बघायला हवं.

आता बघायचं कसं ते नीट सांगते. मागे बसलेली माणसं बोलताना दिसतात, पण आवाज काढत नाहीत. नुसते ओठ हलतात, कारण ध्वनिमुद्रण पुढच्या दोघांचं चाललेलं असतं. ग्लास टेबलावर ठेवायचा तो आवाज न करता. प्यायचं तर प्रत्येक टेकला त्याच शब्दावर, त्याच हातानं, आणि पेयाची पातळी मागच्या शॉटशी जुळली पाहिजे. भिंगाकडे बघायचं नाही, नटीकडे टक लावायची नाही, तरी नटी आत आल्याचं भान चेहऱ्यावर हवं. नवख्या एक्स्ट्राचे हात फार हलतात, त्यामुळे संकलकाला तो शॉट कापावा लागतो. बेस मागे बसली की शॉट वाया जात नाही. हिचकॉकच्या ‘रिअर विंडो’त संगीतकाराच्या घरच्या पार्टीत कुत्रा घेतलेली बाई शोध, आणि ‘व्हर्टिगो’त रेस्तराँमधली. दोन्ही ठिकाणी आवाज बंद करून आधी फक्त तिच्याकडे बघ.

ओळख पटवण्याचं काम किचकट आहे, आणि चुका होतात त्या इथेच. आधी खात्रीचे नमुना-चेहरे तयार कर. ‘वी फॉ डाउन’ १९२८ चा, ‘इट हॅपन्ड वन नाइट’मधली सेक्रेटरी १९३४ ची, थ्री स्टूजेस या विनोदी त्रिकुटाच्या ‘मट्स टू यू’मधली बाळाची आई १९३८ ची. या भूमिका स्पष्ट आहेत, चेहरा जवळून दिसतो. प्रत्येकीच्या तीन चौकटी (फ्रेम) काढ: समोरून, बाजूनं आणि चालताना. मग संशयित चौकट त्याच्या चार-पाच वर्षांच्या आतल्या नमुन्याशीच ताडून बघ. केशरचना, भुवया आणि लिपस्टिक यांवर विश्वास ठेवू नकोस, त्या काळात सगळ्यांच्या सारख्याच असत. कानाची पाळी, केसांची कपाळावरची रेघ, हनुवटी ते मान हा कोन, खांद्यांची ठेवण यांवर भर दे. ती उंच होती, पण उंचीचा पुरावा दुय्यम. टाचा आणि चौथरे फसवतात. तीन खुणा जुळल्याशिवाय ‘नक्की’ लिहायचं नाही. ‘बहुधा’ असा वेगळा रकाना ठेव आणि तो भरलेला दिसला तर लाजू नकोस.

झग्याचाही उपयोग होतो. तोच गाऊन दोन प्रतिस्पर्धी स्टुडिओंच्या चित्रपटांत दिसला, तर तो तिचा स्वतःचा असण्याची शक्यता वाढते, कारण स्टुडिओचे कपडे सहसा त्याच स्टुडिओत फिरत. मात्र वेस्टर्न कॉस्च्युमसारख्या भाड्यानं कपडे देणाऱ्या कंपन्या सगळ्यांनाच माल पुरवत, त्यामुळे नुसता गाऊन म्हणजे साक्ष नव्हे.

टिपण करताना वेळ लिहितेस ती कोणत्या प्रतीवरची, हे आधी लिही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. युरोपातल्या जुन्या डीव्हीडीवर तो २५ नं धावतो, त्यामुळे १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि तुझी वेळ दुसऱ्याच्या प्रतीवर जुळत नाही. मूकपटांचा वेग तर प्रतीगणिक वेगळा, तिथे दृश्य आणि शॉटचा क्रमांक दे. सिनेमास्कोपचे चित्रपट टीव्हीसाठी कापलेल्या प्रतीत कधीच बघू नकोस: उंचीच्या २.३५ पट रुंद चौकट १.३३ पट रुंदीत बसवताना सुमारे ४३ टक्के चित्र जातं, आणि जातं ते कडेचं, म्हणजे नेमकी तुझी माणसं. आणखी एक सापळा आहे. थिएटरातली टाळ्या वाजवणारी गर्दी किंवा रस्त्यावरची वर्दळ जुन्या चित्रपटातून उचलून नव्यात जोडली जायची. तिथे ती दिसते, पण त्या चित्रपटासाठी ती कामावर नव्हती.

कागदपत्रांचं मोल सारखं नसतं. इंटरनेटवरच्या यादीत नावापुढे ‘अश्रेयित’ (म्हणजे पडद्यावरच्या नामावळीत नाव नसलेली) लिहिलेलं असतं, ते बहुतेक एखाद्या हौशी प्रेक्षकानं भरलेलं असतं. तो धागा समज, पुरावा नव्हे. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या सूचीत अमुक नटीची निवड झाल्याची बातमी होती, पण ती प्रदर्शित चित्रपटात असल्याची खातरजमा झालेली नाही, अशा टिपा आढळतील. तोच प्रामाणिकपणा तू ठेव. बेव्हर्ली हिल्सच्या मार्गारेट हेरिक ग्रंथालयात आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या वॉर्नर ब्रदर्सच्या संग्रहात चित्रीकरणाचे रोजचे अहवाल आहेत. त्यांत एक्स्ट्रांची नावं असतीलच असं धरून जाऊ नकोस. बहुधा कोणत्या दरानं किती माणसं होती एवढंच मिळतं. त्याचाही उपयोग आहे: त्या दिवशी नाइटक्लबचं दृश्य झालं आणि चढ्या दराची माणसं होती, इतकं तरी ठरतं. प्रत्यक्ष जाणं जमेपर्यंत मीडिया हिस्ट्री डिजिटल लायब्ररीत जुनी सिनेनियतकालिकं फुकट चाळता येतात. नाव शोधताना आडनाव एकटं टाकू नकोस, फुलांच्या जाहिरातींत बुडशील. अमेरिकेची जनगणना ७२ वर्षांनी खुली होते, म्हणजे १९५० पर्यंतची तुला बघता येईल.

तिच्या चित्रपटांचा आकडा कुठे साडेतीनशेहून अधिक पूर्ण लांबीचे असा दिसेल, कुठे सगळं धरून आठशेच्या पुढे. भांडण नको. लघुपट, मालिका आणि टीव्ही वेगवेगळे मोज, आणि आकड्याशेजारी त्याची व्याख्या दे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालेल्या पाच चित्रपटांत ती दिसते, या गोष्टीवर एका ओळीहून जास्त खर्च करू नकोस.

त्यापेक्षा १९४५ साल नीट लिही. अभिनेत्यांच्या गिल्डमध्ये एक्स्ट्रांना बरोबरीचा मताधिकार नव्हता. त्या वर्षी त्यांनी आपली स्वतंत्र स्क्रीन एक्स्ट्राज गिल्ड उभी केली आणि बेस तिच्या पहिल्या उपाध्यक्षांपैकी एक झाली. पडद्यावर ओठ न उघडणारी बाई दराच्या वाटाघाटींत काय बोलत होती, हा तुझ्या पुस्तकाचा गाभा ठरू शकतो.

शेवटच्या प्रकरणात आपल्याकडच्या एक्स्ट्रांशी तुलना करायची म्हणतेस. कर, पण जपून. प्रभातमध्ये माणसं मासिक पगारावर असत. मुंबईत एक्स्ट्रा सप्लायरच्या हाताखालून येत. सेंट्रल कास्टिंगसारखं दलालीमुक्त कार्यालय त्या चित्रात बसत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात गाण्यांच्या जुन्या पुस्तिका आहेत. त्यांतली नामावळी बघ, तिथे कुणाची नावं येतात आणि कुठे थांबतात ते उतरवून घे. तेवढं हाती आलं की मगच ते प्रकरण लिहायला घे. तोवर पहिल्या दहा चित्रपटांची टिपणं, नमुना-चेहऱ्यांसकट, मला पाठव.

तुझी,
ताई