वीज आणि द्युती एकाच घरातल्या

हिंगोलीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: गडगडाटी ढगांच्याही वर, ५० ते ९० किलोमीटर उंचीवर जे तांबडे 'स्प्राइट' क्षणभर उमटतात, त्यांच्या प्रकाशाची 'तीव्रता' म्हणायची की 'प्रखरता'?

'तीव्रता' नको! ऐकून कान किटले. पावसाची तीव्रता, दुष्काळाची तीव्रता, किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता, आता स्प्राइटचीही. 'प्रखर' म्हणजे डोळ्यांना न सोसणारं, परभणीच्या मे महिन्यातलं ऊन. स्प्राइट साध्या डोळ्यांना दिसलं तर दिसतं. मी 'द्युती' म्हणतो, आणि त्याचं कारण 'वीज' या शब्दाच्या पोटातच आहे.

विद्युत् म्हणजे वि + द्युत्, द्युत् म्हणजे चमकणे. संस्कृत 'द्य'चा प्राकृतात 'ज्ज' होतो, मराठीत येताना एक ज गळतो आणि आधीचा स्वर लांबतो. अद्य, अज्ज, आज. खाद्य, खज्ज, खाजं. तसंच विद्युत्, विज्जु, वीज. आमची आजी वळवाच्या पावसात ओरडायची, "ईज लवायली, आत या रे!" त्या 'ईज'मध्ये सातवाहनांच्या पैठणची प्राकृत जिवंत होती. 'ज्योती'ही याच धातूची. 'उजेड'सुद्धा मी उद्द्योत, उज्जोअ याच वाटेने आणतो. 'उजेड' 'उज्ज्वल'पासून आणणाऱ्यांनी 'उजळ' खुशाल न्यावा, तो त्यांचाच. 'उजेड'मधल्या 'ए'चं आणि 'ड'चं कोडं मात्र दोन्हीकडे सारखंच आहे.

एका प्राध्यापकांनी मला ऐकवलं, द्युती हा कवितेतला शब्द, मोजमापाला चालायचा नाही. का नाही? १९८९ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या कॅमेऱ्यात स्प्राइट पहिल्यांदा सापडलं. पुढे त्याच चौकटीतल्या ओळखीच्या ताऱ्यांशी ताडून त्याचं तेज काढलं गेलं. स्प्राइट जगतं काही मिलिसेकंद, व्हिडिओची एक चौकट सेकंदाच्या तिसाव्या भागाची. उजेड चौकटभर पातळ होतो आणि आकडा कमी येतो. वेगवान कॅमेऱ्यांनी तो वर नेला. एकक 'रॅले': नजरेच्या रेषेतल्या एक चौरस सेंटिमीटर छेदाच्या स्तंभातून सेकंदाला सर्व दिशांना मिळून दहा लाख फोटॉन. आकाशगंगेचा पट्टा साधारण हजार रॅले, स्प्राइट कित्येक दशलक्ष. ज्या चौथ्या लॉर्ड रॅलेंचं नाव एककाला दिलं, ते रात्रीच्या आकाशाची द्युतीच मोजत होते.

'या स्प्राइटची द्युती दहा मेगारॅले' हे एकदा मोठ्यानं म्हणून बघा. मग 'तीव्रता' घालून म्हणा.