फायबरच्या बोटीचा ट्रान्सम (इंजिन बसतं ती मागची उभी भिंत) आतून कुजलाय. प्लायवूड आणि रेझिन कोणतं वापरू?

मरीन प्लाय आणि इपॉक्सी. पॉलिएस्टर स्वस्त पडतं, पण जुन्या फायबरला आणि लाकडाला त्याची पकड इपॉक्सीइतकी नसते. इंजिनाचा भार आणि हादरे तिथेच बसतात, त्यामुळे इथे काटकसर नको.

प्लाय बीएस १०८८ (मरीन प्लायचं ब्रिटिश मानक) दर्जाचं घ्या आणि कापल्यावर कडा निरखून बघा. थरांमध्ये पोकळी दिसली तर सरळ परत करा. १८ मिमीचे दोन तुकडे एकमेकांना चिकटवले की ३६ मिमी होतात. तरी आधी जुनी जाडी मोजा, नाहीतर इंजिनाचे क्लॅम्प बसायचे नाहीत.

वरून बायअ‍ॅक्सियल कापड, म्हणजे दोन दिशांना धागे असलेलं काचतंतूंचं कापड, लावा. साधी चॉप्ड स्ट्रँड मॅट (काचतंतूंच्या तुकड्यांची चटई) इपॉक्सीसोबत नको, कारण बहुतेक मॅटचा बाइंडर, म्हणजे तंतू धरून ठेवणारा डिंक, पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननेच विरघळतो.

आणि कुजायला सुरुवात बहुधा बोल्टच्या भोकांतूनच झाली असणार. म्हणून नवीन भोक मापापेक्षा मोठं पाडा, फिलर पावडर घालून घट्ट केलेल्या इपॉक्सीने पूर्ण भरा, कडक झालं की त्यातच पुन्हा बोल्टच्या मापाचं भोक पाडा. कंटाळवाणं आहे, पण मग पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. जुना भाग मात्र खणखणीत वाळल्याशिवाय कशालाही हात लावू नका.